दिवाळं निघालंय? मग आता तुमचीच चलती!

सर्वप्रथम अभिनंदन. अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर 7 खाली अर्ज भरायचा, तुमची मालमत्ता तपासणाऱ्या ट्रस्टीसमोर बसून ‘होय, माझ्याकडे एवढंच आहे’ असं शपथेवर सांगायचं आणि चारेक महिन्यांनी कोर्टाचा कर्जमुक्तीचा आदेश पदरात पाडून घ्यायचा, हे येरागबाळ्याचं काम नाही. आज तुमच्या डोक्यावर क्रेडिट कार्डाचं एका डॉलरचंही देणं नाही. ही अवस्था फार दिवस टिकू देणं बरं दिसत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

तुम्हाला वाटत असेल, आता आपल्याला दारात कोण उभं करणार? जरा पत्रपेटी उघडून बघा. दिवाळखोरीची नोंद सार्वजनिक असते, तिच्यावरून नावांच्या याद्या निघतात आणि त्या विकल्याही जातात. सगेसोयरे फोन उचलेनासे झाले असतील, पण कार्डवाल्यांना तुमची आठवण पहिल्या आठवड्यातच येते. त्यांना तुमची दया आली असा गैरसमज मात्र नको. त्यांनी हिशोब केलेला आहे. तुमची बाकीची बहुतेक देणी कोर्टाने पुसली, म्हणजे पगारावर हात टाकायला आता दुसरं कोणी रांगेत नाही. शिवाय चॅप्टर 7 ची सवलत एकदा घेतली की तीच सवलत पुन्हा मिळवायला अर्जाच्या तारखेपासून 8 वर्षं थांबावं लागतं. आधी 6 वर्षं पुरत असत, 2005 च्या कायद्याने ती 8 केली. थोडक्यात, ज्याचं दिवाळं इतक्यात पुन्हा निघू शकत नाही असा ऋणको म्हणजे तुम्ही. सावकाराला यापेक्षा गोड गिऱ्हाईक कुठे मिळणार?

तेव्हा आलेलं पाकीट फोडा. जाड, गुळगुळीत कागद, त्यावर सोनेरी अक्षरांत तुमचं नाव, आणि खाली ‘तुमची निवड झाली आहे’. कोर्टाच्या कागदांवरही तुमचं नाव होतं, पण असं सोनेरी नव्हतं. आतल्या पत्रात पर्वतशिखरावर उभं असलेलं एक जोडपं असेल. ते पाहून झालं की पान उलटू नका. मागे एक चौकट असते. खरेदीवरचा व्याजदर तिच्यात किमान 16 पॉइंटच्या टायपात छापावा, अशी सरकारी सक्ती आहे. एवढ्या ठळक अक्षरांत कोणी काही सांगू लागलं की सुसंस्कृत माणसाने नजर खाली वळवावी.

समजा, कार्डावरच्या उधारीची मर्यादा 300 डॉलर आणि वार्षिक फी 75. हा आकडा कोणाला स्वप्नात दिसलेला नाही. पहिल्या वर्षी मर्यादेच्या 25 टक्क्यांहून जास्त फी घेऊ नये असं 2009 चा कार्ड कायदा सांगतो आणि 300 चे 25 टक्के बरोबर 75 होतात. कायद्याने कमाल ठरवली, बँकांनी तिचा किमानासारखा मान राखला. फी कार्डावरच चढते, म्हणून पाकिटातून निघालेल्या कोऱ्या करकरीत कार्डात 225 च उरतात. तुम्ही अजून साधी काडीपेटी घेतलेली नाही, आणि तुमची पत मोजणारा क्रेडिट स्कोअर काढणाऱ्यांच्या लेखी पाव मर्यादा उडवून बसलात! खातं उघडायच्या आधी घेतलेली ‘प्रोसेसिंग’ फी या 25 टक्क्यांत धरतही नाहीत. ती धरायची म्हटल्यावर एक बँक कोर्टात गेली आणि 2013 मध्ये नियमच मागे घेतला गेला. दुसऱ्या वर्षापासून तर ही 25 टक्क्यांची वेसणही सुटते आणि महिन्याची फी सुरू करायला बँक मोकळी होते. वर्षभर चिकाटीने टिकून राहिलेल्या ग्राहकाला एवढं तरी मिळायलाच हवं.

व्याजाबद्दल कुरकुर नको. साऊथ डकोटातल्या एका बँकेने 2009 साली 79.9 टक्के व्याजाच्या कार्डाची पत्रं घरोघर धाडली होती. त्यामानाने तुमचे तिशीतले टक्के म्हणजे सवलतच. साऊथ डकोटाच का? तर 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की बँकेचं बिऱ्हाड ज्या राज्यात तिथला व्याजदर ती देशभर लावू शकते. पुढे साऊथ डकोटाने व्याजावरची कमाल मर्यादा काढून टाकली आणि 1981 मध्ये सिटीबँकेने आपला कार्डांचा धंदा न्यूयॉर्कहून तिकडे हलवला. लोक हवापालट करायला डोंगरात जातात, बँका माळावर जातात.

आता एका मिळमिळीत पर्यायाबद्दल सावध करतो. ‘सिक्युअर्ड’ नावाचं एक कार्ड असतं. तुम्ही 200 डॉलर अनामत ठेवायची, तेवढीच मर्यादा मिळायची. यात सोनेरी अक्षरं नाहीत की पर्वतशिखर नाही. काही बँका आणि क्रेडिट युनियन (सहकारी पतसंस्था) यावर वार्षिक फीसुद्धा घेत नाहीत. वर्षभर वेळेवर बिलं भरली तर पुष्कळदा अनामत परत देऊन साधं कार्ड हाती ठेवतात. यात कसलं आलंय थ्रिल? दिलेले 75 परत न येणं आणि ठेवलेले 200 परत येणं, यांत मर्दानी काय ते तुम्हीच ठरवा.

त्यातूनही असलं कार्ड घ्यायची दुर्बुद्धी झालीच, तर एक प्रश्न चुकूनही विचारू नका: ‘माझा व्यवहार इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या पतीची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही ब्युरोंना कळवता का?’ सगळा खटाटोप पत सावरण्यासाठी आहे, आणि ब्युरोंना पत्ताच लागला नाही तर पत सावरली हे कळणार कोणाला, असं आडमुठे लोक म्हणतात. आपण गुप्तदानाचं पुण्य मिळवावं. प्रीपेड कार्ड त्यासाठी सर्वांत उत्तम. दिसायला हुबेहूब क्रेडिट कार्ड, आत स्वतःचेच पैसे, आणि ब्युरोला कानोकान खबर नाही.

अर्ज मात्र एका बैठकीत दहा ठिकाणी टाका. प्रत्येक अर्जामागे बँक करते त्या चौकशीची नोंद ब्युरोकडच्या तुमच्या रिपोर्टमध्ये 2 वर्षं राहते, म्हणजे निदान काहीतरी भरल्यासारखं दिसेल. सुरुवात त्याच बँकेपासून करा जिचे पैसे तुमच्या दिवाळखोरीत बुडाले. बँकांची स्मरणशक्ती ब्युरोंपेक्षा दांडगी असते. ब्युरो चॅप्टर 7 ची नोंद 10 वर्षांनी काढून टाकतात. बँकेची स्वतःची वही कधी फाटते ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही.

कार्ड आलं की वापराचं शास्त्र. फिको या प्रचलित क्रेडिट स्कोअरमध्ये सुमारे 35 टक्के वजन वेळेवर पैसे भरण्याला आणि 30 टक्के देण्यांच्या बोज्याला, ज्यात मर्यादेचा किती भाग वापरला हे मुख्य. म्हणून एखादं छोटंसं महिन्याचं बिल कार्डाला लावावं, पूर्ण रक्कम बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करावी आणि कार्ड ड्रॉवरमध्ये टाकून विसरून जावं, असं काही कंटाळवाणी माणसं करतात. तुम्ही रसिक आहात. तुम्ही थोडी बाकी दरमहा मागे ठेवा. त्याने स्कोअर वाढतो अशी एक लोकप्रिय समजूत आहे. स्कोअर तसूभर वाढत नाही, व्याज मात्र नेमाने वाढतं, आणि वाढ ती वाढ. बिलावर आणखी एक चौकट दिसेल: फक्त किमान रक्कम भरलीत तर देणं फिटायला किती वर्षं लागतील. 2009 च्याच कायद्याचा हा चावटपणा. तिच्यावर अंगठा ठेवून बिल वाचायची सवय करा.

पुढे, रिपोर्ट. तिन्ही ब्युरोंचा रिपोर्ट आता दर आठवड्याला फुकट पाहता येतो, आणि फुकटच्या वस्तूची किंमत नसते. कोर्टाने पुसलेली देणी त्यात शून्य बाकीने दिसायला हवीत. ती अजून ‘थकीत’ दिसत असतील तर ब्युरोकडे लेखी तक्रार करता येते, आदेशाची प्रत जोडता येते. पण एवढ्याशा कारणावरून शब्दाने शब्द कशाला वाढवा? त्यापेक्षा पत दुरुस्त करून देणारे ‘तज्ज्ञ’ गाठा. काम होण्याआधी पैसे घ्यायला त्यांना 1996 च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून जो आधी मागेल तो धाडसी, त्यालाच धरा. फारच धाडसी निघाला तर तो तुम्हाला नऊ आकडी नवा कोरा नंबर विकेल आणि सोशल सिक्युरिटी नंबराच्या (सरकारी ओळख क्रमांकाच्या) जागी अर्जावर हाच टाका म्हणेल. असे नंबर अनेकदा लहान मुलांचे चोरलेले असतात आणि अर्जावर ते टाकणं हा संघीय गुन्हा आहे. पण तुम्हाला कोर्टाची वाट आता पाठच झाली आहे.

राहता राहिला तो कोर्स. आदेश हाती येण्यापूर्वी पैशांच्या व्यवस्थापनाचा एक दोनेक तासांचा वर्ग कायद्याने तुमच्याकडून करून घेतलाच असेल. बजेट कसं आखावं, उधारी कशी जपून वापरावी वगैरे. त्या कागदांची पाठची बाजू कोरी असते. दहा कार्डांचे पासवर्ड तिथे आरामात मावतील.