घरी करायची चाचणी सगळ्यांना सारखी नसते

डिझायनरच्या नोकरीसाठी उमेदवार कसे निवडावेत यावरचा बाकी लेख आवडला, पण ‘घरी करायला दिलेली डिझाइन चाचणी सगळ्या उमेदवारांना समान संधी देते’ हे वाक्य अजिबात पटलं नाही. ही चाचणी कौशल्याइतकीच उमेदवाराची मोकळी सुट्टी मोजते. सूचनेत ‘दोन-तीन तास पुरे’ असं लिहिलेलं असतं, पण कुणीतरी रात्री जागवून चकचकीत प्रोटोटाइप (चालवून बघता येईल असा नमुना) पाठवतो आणि मग बाकीच्यांना तीच फूटपट्टी लागते. घरी तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्या उमेदवाराने काय करायचं? आणि हे सगळं फुकटात, बरं का!

निवड समितीत बसून हे जवळून पाहिलंय. एकीने स्क्रीनच्या आराखड्याच्या नुसत्या चौकटी काढल्या होत्या, पण फॉर्म भरताना चूक झाली तर रकाना फक्त लाल न करता काय चुकलं ते शब्दांत कसं सांगायचं, माउसशिवाय पुढे कसं जायचं, हे बारकाईने लिहिलं होतं. ‘कच्चं वाटतंय’ म्हणून ती बाद! निवड झाली त्याच्या देखण्या स्क्रीनवर पांढऱ्यावर फिकट करडी बारीक अक्षरं. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट अपंगांसह सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष, त्यांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (उजेडातला फरक) लागतो, हे बैठकीत कुणी काढलंसुद्धा नाही. त्यापेक्षा उमेदवाराचंच एखादं जुनं काम उघडून तासभर बोला. चाचणी हवीच असेल तर मोबदला द्या, आणि वेळ संपल्यावर आलेली भर बघूच नका.