१६ जीबी रॅम, २५ एक्स्टेन्शन आणि एक फॉरवर्ड

सांगली-मिरजेत कोडिंग शिकणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘वेब डेव्हलपमेंट करायचं तर व्हीएस कोडच. त्याला १६ जीबी रॅम लागतेच. खालची २५ एक्स्टेन्शन टाका. बाकीचे एडिटर संपले.’ (व्हीएस कोड म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कोड लिहायचा एडिटर, एक्स्टेन्शन म्हणजे त्याला जोडायची जादा सोय.) विश्रामबागेत लॅपटॉप बघायला निघालेले आईवडीलही हाच मेसेज दुकानदारापुढे धरतात.

आधी रॅम. मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोडसाठी शिफारस केलेली रॅम १ जीबीच आहे. तेवढ्यावर काम सुखाने होत नाही, कबूल. पण मेमरी एकटा एडिटर खात नाही. क्रोमचे टॅब, नोडचा डेव्ह सर्व्हर (बनवत असलेली साइट आपल्याच मशिनवर चालवणारा), टाइपस्क्रिप्टचा सर्व्हर (कोड तपासून सूचना देणारा) आणि एक्स्टेन्शन मिळून खातात. हेल्प मेन्यूतून ‘ओपन प्रोसेस एक्स्प्लोरर’ उघडा, कोण किती खातंय ते समोर दिसेल. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टला ८ जीबी पुरते. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) किंवा अँड्रॉइड एम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) रोज चालवणार असाल, तर १६ घ्या. जुन्या मशिनमध्ये मात्र रॅमच्या आधी एसएसडी बसवा: जावास्क्रिप्टची पॅकेजं उतरवणारं ‘एनपीएम इन्स्टॉल’ हजारो बारक्या फाइली लिहितं आणि हार्ड डिस्क तिथेच मान टाकते.

आता ती पंचवीस एक्स्टेन्शन. खरा घोळ इथे आहे. यादीतलं कंस रंगवणारं एक्स्टेन्शन २०२१ पासून निरुपयोगी आहे, कारण ती सोय एडिटरमध्येच आली. एचटीएमएलच्या उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या टॅगची जोडी एकदम बदलायची असेल तर सेटिंगमध्ये ‘लिंक्ड एडिटिंग’ शोधून टिक करा. एमेट (संक्षेपावरून पूर्ण एचटीएमएल उलगडणारी सोय) तर आधीपासूनच आत आहे.

यादीत फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारे, दोन आहेत. डिफॉल्ट ठरवला नाही, की एडिटर ज्याला त्याला निवडायला लावतो; मग एकाच्या मशिनवर एक चालतो, दुसऱ्याच्या मशिनवर दुसरा. एक ओळ बदलली तरी गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) अख्खी फाइल बदललेली दिसते. त्या दोघांतला प्रिटियर ठेवा, ‘डिफॉल्ट फॉरमॅटर’मध्ये तोच निवडा, दुसरा काढा. शिवाय मेसेज ‘ऑटो सेव्ह: आफ्टर डिले’ आणि ‘फॉरमॅट ऑन सेव्ह’ दोन्ही लावायला सांगतो. वेळेनंतर आपोआप होणाऱ्या सेव्हला फॉरमॅटिंग होतच नाही! मग ‘प्रिटियर चालत नाही’ म्हणून पोरं तेच चारदा इन्स्टॉल करतात. ‘ऑन फोकस चेंज’ ठेवा, दोन्ही जमतं. आणि एडिटर अडखळत असेल तर कमांड पॅलेटमधून (Ctrl+Shift+P) ‘स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’ चालवा. तो निम्मी निम्मी एक्स्टेन्शन बंद करत दोषी पकडून देतो.

‘बाकीचे संपले’ हे अ‍ॅटम या एडिटरबाबत खरं. तो डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला. पण बाकीचे जिवंत आहेत. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एडिटर आणि भाषा समजणारा प्रोग्रॅम यांच्यातली ठरलेली बोली) २०१६ मध्ये खुला झाल्यापासून सूचना, चुका, ‘व्याख्येकडे जा’ ही हुशारी निओव्हिम आणि सब्लाइम या एडिटरांमध्येही मिळते. वेबस्टॉर्म हा एडिटर ऑक्टोबर २०२४ पासून बिगर-व्यावसायिक वापराला फुकट आहे. रिफॅक्टरिंग (काम न बदलता कोडची रचना सुधारणं) त्याचं जास्त भरवशाचं, पण रॅम तोच जास्त मागतो.

चौघांच्या प्रोजेक्टमध्ये चार एडिटर असले तरी बिघडत नाही. प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘.एडिटरकॉन्फिग’ फाइल ठेवा, त्यात इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) २ आणि ओळीचा शेवट ‘एलएफ’ (लिनक्सची ओळ संपवायची खूण) लिहा. वेबस्टॉर्म ती आपसूक वाचतो. व्हीएस कोडला मात्र त्यासाठी एक्स्टेन्शन लागतं, आणि नेमकं तेच त्या पंचवीसांत नाही. विंडोजच्या ‘सीआरएलएफ’ खुणेने सेव्ह झालेली शेल स्क्रिप्ट (कमांडांची फाइल) लिनक्स सर्व्हरवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून आपटते, आणि त्याचं खापर एडिटरवर फुटतं.