नवऱ्याचं सॅम्पल, माझ्या नावाचा क्लेम

अमेरिकेत मूल व्हायला नवरा-बायको पुरत नाहीत, क्लिनिकमधली बिलिंगवाली पण लागते. डॉक्टर बोलतात त्यातलं निदान अर्धं तरी कळतं, बिलिंगवाली नुसते आकडे बोलते.

त्याचं असं आहे की इथे प्रत्येक टेस्टला दोन कोड लागतात, काय केलं त्याचा सीपीटी कोड आणि का केलं त्याचा आयसीडी-१० कोड, आणि या दोघांची पत्रिका जुळली तरच इन्शुरन्सवाले अक्षता टाकणार. नाहीतर क्लेम परत. त्यात आमच्या प्लॅनची गंमत म्हणजे मूल का होत नाही हे शोधायचे पैसे मिळतात, पण ते व्हावं म्हणून काही केलं तर मिळत नाहीत. त्यामुळे तीच एस्ट्राडायॉल नावाच्या हार्मोनची टेस्ट, तोच ८२६७० कोड, पण शेजारी एन९७.० म्हणजे ओव्ह्युलेशन होत नाही असं लिहिलं की तो आजार, आणि झेड३१.८३ म्हणजे आयव्हीएफची सायकल चालू आहे असं लिहिलं की तो आमचा शौक. रक्त बिचारं तेच. शिवाय ते दंडातून काढायचा कोड वेगळा, ३६४१५, फुकट काही नाही.

मी म्हटलं अहो आपल्या राज्यात कायदा आहे ना आयव्हीएफ कव्हर करायचा, तर एचआरवाली गोड हसून म्हणाली, आपली कंपनी सेल्फ-इन्शुअर्ड आहे. म्हणजे क्लेमचे पैसे कंपनीच भरते, इन्शुरन्सवाले नुसते कागद हलवतात, आणि १९७४ च्या एरिसा कायद्यामुळे अशा प्लॅनला राज्याची ही सक्ती लागू होत नाही. माझ्या जन्माच्याही आधी माझा क्लेम नाकारायची सोय करून ठेवली होती या लोकांनी!

मग काय, लोक रात्री वेबसिरीज बघतात तशी मी कोड वाचत बसायला लागले. इक्सी, म्हणजे लॅबमध्ये सुईने एकेका अंड्यात एकेक शुक्राणू सोडणं, ते करताना अंडी दहापर्यंत असतील तर ८९२८०, अकरावं निघालं की ८९२८१. एंब्रियो फ्रीज करून ठेवले तर वर्षाच्या भाड्याचा कोड ८९३४२, म्हणजे कार्टं जन्माला यायच्या आधीच भाड्याने राहतंय आणि भाडं बापाच्या कार्डावर. ज्या एएमएचचा, म्हणजे अंडाशयात अंडी साधारण किती उरली ते सांगणाऱ्या हार्मोनचा, आकडा ऐकून भल्याभल्या बायकांची झोप उडते त्या टेस्टला स्वतःचा कोड मिळाला कुठे तर २०२४ मध्ये, ८२१६६, तोवर बिचारी 'इतर'मध्ये बसायची. आणि या सगळ्यात मला सापडलेला हिरा म्हणजे झेड६३.१. सासरच्यांशी संबंधात अडचणी. खरंच आहे, शपथ! दर रविवारी व्हिडिओ कॉलवर "मग, काही विशेष?" येतं ना, ते आता मला कोडसकट माहितीये.

तर मुद्दा. एक दिवस ईओबी आलं. ईओबी म्हणजे इन्शुरन्सवाल्यांचा तो कागद ज्याच्यावर मोठ्या अक्षरात हे बिल नाही असं लिहिलेलं असतं आणि खाली तुम्ही किती देणं लागता ते. त्यात ८९३२० नाकारलेला, कारण क्रमांक ७, ही प्रोसिजर पेशंटच्या लिंगाशी विसंगत आहे. ८९३२० म्हणजे सीमेन अ‍ॅनालिसिस. क्लिनिकच्या लेखी पेशंट मी, नवरा माझ्या फाइलमधला एक रकाना, सो त्याचं सॅम्पल माझ्या नावावर गेलं.

फोन लावला. होल्डवरचं म्युझिक पाठ झाल्यावर एक बाई आली.

"मॅम, ही टेस्ट तुम्ही करून घेतली का?"

"नाही, माझ्याकडे त्याला लागणारं सामान नाही."

शांतता. मग टाइप केल्याचा आवाज. "मग सॅम्पल कोणाचं होतं?"

"नवऱ्याचं."

"ते लाइनवर आहेत का? त्यांच्या परवानगीशिवाय त्यांच्या टेस्टबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही."

म्हणजे क्लेम माझ्या नावावर, नकार मला, पैसे मी द्यायचे, पण प्रायव्हसी त्याची! मी परत बिलिंगवालीकडे, ती म्हणाली काळजी नको हनी, मी त्याच्या नावावर पुन्हा पाठवते. गोड बाई आहे, कामही पटकन करते. तिने खरंच पाठवला, नाव बदललं, जन्मतारीख बदलली, मेंबर आयडी बदलला, फक्त शेजारचा आयसीडी कोड तोच राहिला, एन९७.९.

फीमेल इन्फर्टिलिटी, अनस्पेसिफाइड.

नवीन ईओबी नवऱ्याच्या नावाने आलं. नकाराचं कारण क्रमांक १०, हे निदान पेशंटच्या लिंगाशी विसंगत आहे. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "सातवरून दहावर आलो की गं, प्रोग्रेस आहे." मी फोन त्याच्या हातात दिला आणि स्पीकर बंद करायला सांगितलं, तुझी प्रायव्हसी आहे बाबा. आत्ता तिकडे तो कोणालातरी सांगतोय की नाही, मला गर्भाशय नाही, कधीच नव्हतं, आणि पलीकडची बाई बहुतेक विचारतेय की ते कुठल्या तारखेला काढलं.