चोर सोडून संन्याशाला

गाडीच्या डॅशबोर्डवर एक लाल दिवा असतो. त्यावर बॅटरीचं चित्र असतं: एक डबा, वर दोन खुंट्या, एकीकडे अधिक, एकीकडे उणे. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. धावत्या गाडीत तो लागला, तर बहुतेक वेळा बॅटरी सोडून दुसरंच काहीतरी बिघडलेलं असतं. ते दुसरं म्हणजे गाडीत वीज तयार करणारा अल्टरनेटर, नाहीतर त्याला फिरवणारा पट्टा. पण अल्टरनेटरचं चित्र काढलं असतं तर ते ओळखणार कोण? म्हणून चित्र बॅटरीचं काढलं, आणि तेव्हापासून धडधाकट बॅटऱ्या घराबाहेर काढल्या जात आहेत.

वास्तविक बॅटरीचं मुख्य काम इंजिनाला जागं करण्यापुरतं. पुढे दिवे, वायपर, पंखा, इंधनाचा पंप, इंजिनाचा संगणक, सगळ्यांना वीज पुरवतो तो इंजिनाच्या कडेला पट्ट्यावर गरगरणारा अल्टरनेटर. शिवाय बॅटरीनं स्टार्टरवर उधळलेली वीजही तोच भरून देतो. इंजिनापेक्षा दुप्पट-तिप्पट वेगानं फिरतो, तीन फेजची उलटसुलट वीज तयार करतो, पोटातल्या डायोडांकडून ती एकाच दिशेला वळवून घेतो आणि रेग्युलेटरच्या धाकात १४ व्होल्टच्या आसपास राहतो. एवढं करून दिव्यावर फोटो बॅटरीचा!

आमच्या गाडीत हा दिवा लागला तो रात्री, भर पावसात. आधी रेडिओनं मान टाकली. मग हेडलाइट पिवळे पडले. वायपर काचेच्या मध्यावर येऊन पुढे जावं की नाही याचा विचार करू लागले. अल्टरनेटर बंद पडला की गाडी बॅटरीतल्या शिलकीवर चालते, आणि ही शिलक साधारण अर्धा-पाऊण तास पुरते. हे मी बायकोला सांगितलं मात्र, तिनं कारभार हातात घेतला. एसी बंद. पंखा बंद. मागच्या काचेचा हीटर बंद. माझा चार्जिंगला लावलेला मोबाइल उपटला गेला. वळताना मी सिग्नल दिला, तर म्हणाली, "मागे कोणी नाहीये, उगाच कशाला?" घरी पोचलो तेव्हा गाडीत काटकसर करण्यासारखं फक्त आमचं बोलणं उरलं होतं.

सकाळी गाडीनं नुसतं 'टिक' केलं. बॉनेट उघडलं की माणसं जमतात. वरच्या मजल्यावरचे काका आले आणि आमचे मेहुणेही आले. मेहुण्यांनी डॅशबोर्डकडे बोट दाखवून विचारलं, "दाजी, हे चित्र कशाचं आहे?" यावर मी काय बोलणार? दुपारपर्यंत नवी बॅटरी बसली. जुनी "मी लावतो भंगारात" म्हणून मेहुणे घेऊन गेले. गाडी एका झटक्यात सुरू झाली, मेहुण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच आभार मानले. लाल दिवा मात्र लागलेलाच होता. "नवीन आहे, जरा सरावेल," असा खुलासा मिळाला. नव्या बॅटरीतली शिलकही यथावकाश संपली आणि पुन्हा 'टिक'.

आता काकांची पाळी. काका अल्टरनेटरला अजून डायनामोच म्हणतात. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीनं १९६० च्या 'व्हॅलियंट' गाडीत अल्टरनेटर दिला आणि पुढे डायनामो इतिहासजमा झाला, ही बातमी काकांपर्यंत पोचलेली नाही. त्यांची परीक्षा त्या काळातली: गाडी धक्का मारून चालू करायची आणि चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची. इंजिन चालत राहिलं तर डायनामो पास. आजच्या गाडीत असं केलं तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि इंजिनाचा संगणक, अल्टरनेटरचे डायोड, जे वाटेत येईल ते जळू शकतं. काका पाना घेऊन पुढे सरकले तसा मी दोन्ही हात पसरून बॅटरीसमोर उभा राहिलो. "घाबरतोस काय? आम्ही आयुष्यभर असंच केलंय," काका म्हणाले. केलं असेल. त्यांच्या गाडीला संगणक नव्हता आणि आमच्या गाडीचा हप्ता अजून चालू आहे.

शेवटी ज्याला स्वतःचं मत नाही अशा एकाला आणलं: मल्टिमीटरला. इंजिन बंद असताना चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू केलं की आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढायला हवा. आमचा १२ वरून खालीच निघाला. मेहुण्यांनी मल्टिमीटरचीच बॅटरी बदलून पाहायला सांगितली.

मेकॅनिक आला. त्यानं लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आम्ही सगळे श्वास रोखून. "बेअरिंग ओरडतंय. कार्बनपण संपले असणार." नुसते कार्बन ब्रश झिजले असते तर तेवढेच बदलून भागलं असतं. पण वर इंजिनाच्या झाकणातून ऑइल ठिबकत होतं, ते थेट अल्टरनेटरच्या पोटात. आधी ती गळती, मग नवा अल्टरनेटर, नाहीतर तोही ऑइल पिऊन मरेल, असं त्यानं बजावलं. "सकाळी सुरू करताना पट्टा किंचाळायचा का?" त्यानं विचारलं. काका म्हणाले, "म्हणजे काय! मी त्यावरच उठतो."

काढायला घेताना पहिली गोष्ट बॅटरीची उणे बाजूची वायर सोडवायची. अल्टरनेटरच्या मागची जाड वायर सरळ बॅटरीच्या अधिक टोकाकडे जाते. ती जिवंत असताना पाना गाडीच्या अंगाला टेकला तर दिवाळी. मग पट्ट्याचा फोटो, कारण तो कुठल्या पुलीच्या वरून आणि कुठल्या खालून जातो हे काढल्यावर कोणालाही आठवत नाही. (काकांना आठवत होतं. चुकीचं.) वरचा बोल्ट लगेच निघाला. खालचा बोल्ट ज्यानं तिथे बसवला, त्याच्या हाताला कोपर एक जास्त असावं. तो निघाल्यावरही अल्टरनेटर पाइप आणि पंख्याच्या मधून बाहेर येईना. अरुंद जिन्यातून कपाट उतरवताना होतं तसं "थोडं तिरकं, आता उभं, मागे घे" चालू झालं आणि हात न लावणारे सगळेच सूचना देऊ लागले.

मेकॅनिकनं जुना-नवा शेजारी ठेवून बोल्टचे कान, प्लग आणि पुलीवरच्या खाचा मोजून ताडून पाहिल्या. एक खाच कमी असती तर सगळी कसरत पुन्हा. नवा बसवण्याआधी त्यानं बॅटरी चार्जरवर लावायला लावली. रिकामी बॅटरी पूर्ण भरून काढणं हे अल्टरनेटरचं काम नव्हे. त्या ओझ्यानं तो तापतो. पहिल्याच दिवशी नव्या माणसावर जुनी थकबाकी टाकायची नाही, हे मला फार पटलं.

आता आकडा १४.२ आहे आणि दिवा विझलाय. मी अधूनमधून पट्ट्यावर भेगा पडल्यात का बघतो, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी ब्रशनं घासतो आणि गाडी धुणाऱ्याला बॉनेटखाली पाइप मारू देत नाही. काकांना आता गजर लावावा लागतो.

जुन्या बॅटरीचं पुढे काय झालं, ते परवा मेहुण्यांकडे गेल्यावर कळलं. ती त्यांच्या गाडीत आहे. "एकदम फर्स्ट क्लास चालतेय, दाजी," मेहुणे म्हणाले.