घर विकणे आहे, सल्ला नको

धुळ्यात घर विकायचं तर जाहिरातीवर पैसे घालवू नयेत. शेजारच्या आबांना ‘कोणाला बोलू नका’ एवढं सांगावं. दिवस मावळायच्या आत बातमी देवपुरातून पांझरा नदी ओलांडून आग्रा रोडला पोचते. मग गिऱ्हाइकांच्या आधी सल्लागार येतात.

पहिले आले आमचे दाजी. "आधी रंग मारा, लगेच भाव वाढतो." मारला. पहिल्याच गिऱ्हाइकानं भिंतीवर पालथा हात फिरवला आणि बायकोला म्हणालं, "नवा रंग शे. मजार ओल व्हई." मे महिन्यात, भर दुपारी! धुळ्याच्या मे महिन्यात भिंतीत ओल सापडली असती, तर आम्ही घर विकलंच नसतं. विहीर म्हणून ठेवलं असतं.

आईचा हिशोब वेगळाच. सागवानी दरवाजा, शहाबादी फरशी, अंगणातला कडुलिंब आणि देव्हाऱ्याचा कोनाडा हे सगळं तिनं किमतीत धरलं होतं. दुसरं गिऱ्हाईक सगळं मान डोलवत ऐकून म्हणालं, "काकू, घर पाडणारच आहोत. प्लॉटचा भाव सांगा." जुन्या घरात भाव असतो तो जमिनीला, विटांचं फक्त वय वाढतं. पण हे आईला कोण सांगणार? त्या गिऱ्हाइकाला चहा मिळाला नाही.

मग रेडी रेकनर, म्हणजे जमीन-घरांच्या सरकारी दरांचा तक्ता. आबांचं ठाम मत, ‘सरकारी दराच्या खाली विकता येत नाही, कायदा आहे.’ गिऱ्हाइकाचं तितकंच ठाम मत, ‘सरकारी दराच्या वर मागता येत नाही, कायदा आहे.’ दोघं माझ्याच ओट्यावर बसून माझ्याच घरावरून भांडले. खरं तर तो तक्ता मुद्रांक शुल्कासाठी असतो. करारातली किंमत आणि तक्त्यातली किंमत, यात जी जास्त तिच्यावर शुल्क. भाव मात्र घेणारा आणि देणारा मिळूनच ठरवतात. पण हे बोलायला ओट्यावर मला जागा कुठे होती?

एकजण अकरा हजार इसार देऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी वास्तुतज्ज्ञ घेऊन आला. आमचं स्वयंपाकघर कुठे हलवायचं याची चर्चा आई पोळ्या लाटत असताना, तिच्या डोक्यावरून चालली होती. इसार दिला की घर आपलं, असं पुष्कळांना वाटतं. खरेदीखत नोंदवेपर्यंत ते आमचंच असतं, हे आईनं लाटणं न ठेवता समजावलं. जाता जाता तो कानात म्हणाला, "निम्मे रोख घ्या, तुमचाच फायदा." वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा वर रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड. आणि तो घेणाऱ्याला."

खरी गंमत कागदांत निघाली. घरपट्टीची पावती वडिलांच्या नावावर, म्हणून घर वडिलांचं, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. वकीलसाहेब चष्मा वर करून म्हणाले, "दुधाचं बिल भरणारा म्हशीचा मालक होतो का?" घर आजोबांनी स्वतःच्या कमाईचं बांधलेलं. १९७१ साली ते मृत्युपत्र न करता गेले. म्हणजे शिरपूरच्या फुईचा, माझ्या आत्याचा, वाटा वडिलांइतकाच.

"तिचं लग्नात देऊन झालंय!" दाजी उसळले. (स्वतःच्या बायकोच्या वाट्याबद्दल ते असं बोलतील का, हे मी विचारलं नाही.) लग्नाचा खर्च हिश्शातून वजा होत नाही, हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा आहे, तेव्हापासून मुलगी वारस आहेच. तिला हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र लागतं, तेही नोंदणी केलेलं. नाहीतर खरेदीखतावर तिची सही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फुई दरवर्षी माहेरी येतेच, पण यंदा तिचं स्वागत जरा जास्तच झालं. मांडे झाले, आमरस झाला. सहीचा विषय मात्र कोणी काढेना. शेवटी वडिलांनी सगळं सांगितलं. फुई काही न बोलता नोंदणीच्या दिवशी आमच्यासोबत आली.

दुय्यम निबंधकांकडे मशीनवर तिचा अंगठा उमटेना. जन्मभर भाकरी थापून रेषा पुसल्या होत्या. पुसला, ओला केला, डावा लावला. गिऱ्हाईक घामाघूम. कसाबसा उमटला तेव्हा फुई पदराला बोट पुसत वडिलांकडे वळली.

"भाऊ, इकनंच व्हतं त माले पहिले काबर नही सांगं? मीच लि लेती ना!"