या वयात गाढवाच्या दगडांचा अभ्यास

पन्नाशी ओलांडलेल्या बाईने पदवी पूर्ण केली की तिच्याभोवती एक ठरलेला सोहळा सुरू होतो. सोसायटीत सत्कार होतो, शाल आणि श्रीफळ मिळते, ‘शिक्षणाला वय नसते’ हे वाक्य तीन वक्ते आपापल्या परीने म्हणतात, आणि मग चहा होतो. माझाही असा सत्कार झाला. शाल चांगली होती, तक्रार काहीच नाही. मात्र त्या संपूर्ण संध्याकाळी माझा विषय कोणता, हे एकाही व्यक्तीने विचारले नाही, आणि विचारले असते तर सभेत सांगता आले असते का, हा प्रश्नही होताच. त्यावर पुढे येतेच. आधी माझे म्हणणे सरळ मांडते: उशिरा शिकणाऱ्या माणसाचे वय ही त्याच्या शिक्षणातली सर्वांत कमी लक्षवेधक गोष्ट असते आणि आपण नेमके तिच्याभोवतीच हार घालतो.

२०१७ साली पाटण्याचे राजकुमार वैश्य वयाच्या ९८व्या वर्षी नालंदा मुक्त विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. झाले. ती बातमी देशभर छापून आली. त्यांना अर्थशास्त्रातले नेमके काय समजून घ्यायचे होते, हे मी पाहिलेल्या मथळ्यांत कुठेच नव्हते. ९८ हा आकडा मात्र प्रत्येकात होता. ब्रायन मे यांचेही तसेच. ‘क्वीन’ या रॉक बँडच्या या गिटारवादकाने लंडनच्या इंपिरियल कॉलेजमध्ये तरुणपणी सुरू केलेली पीएच.डी. संगीतासाठी अर्धवट सोडली आणि २००७ साली, वयाच्या साठीला, पूर्ण केली. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेली सूक्ष्म धूळ सूर्यप्रकाशामुळे पहाटे किंवा तिन्हीसांजेनंतर क्षितिजावर फिकट उजळलेली दिसते; ती धूळ कोणत्या वेगाने कुठे सरकते आहे, हा त्यांचा विषय होता. टेनेरिफ बेटावर तरुणपणी घेतलेली निरीक्षणे तीसहून अधिक वर्षांनी प्रबंधात उपयोगी पडली, कारण मधल्या काळात त्या धुळीकडे फार थोड्यांनी लक्ष दिले होते. मला तरी साठी आणि गिटार यांपेक्षा ही धूळच अधिक आकर्षक वाटते.

माझी हकिगत इतकी झळाळणारी नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न ठरले, त्याच सुमारास बारावीच्या गुणांवर टपाल खात्यात नोकरी लागली आणि कॉलेज सुटले. रायगड जिल्ह्यातल्या निरनिराळ्या उपडाकघरांत आयुष्य गेले. मुलीचे लग्न झाल्यावर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव घातले. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद आपण सगळे ऐकून आहोत, पण त्याचा व्यावहारिक अर्थ असा की नोकरी न सोडता, रविवारी अभ्यासकेंद्रावर जाऊन आणि रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर गृहपाठ लिहून माणूस पदवीधर होऊ शकतो. तशी मी झाले, मग इतिहासात एम.ए. केले, निवृत्त झाले आणि आता एका विद्यापीठात अर्धवेळ पीएच.डी. करते आहे. याहून अधिक या प्रवासात सांगण्यासारखे काही नाही. अभ्यास केला, परीक्षा दिल्या, उत्तीर्ण झाले.

विषय मात्र सांगण्यासारखा आहे. मी गधेगाळांवर काम करते. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते: शिलाहार राजांच्या काळापासून पुढे कित्येक शतके, कोकणात आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतही, राजाने किंवा अधिकाऱ्याने जमीन दान दिली किंवा कर माफ केला की त्या दानाचा दगड उभा केला जाई. वरच्या भागात सूर्य आणि चंद्र कोरलेले असत, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान टिकावे. मध्ये लेख असे. आणि सर्वांत खाली, गाढव आणि स्त्री यांच्या समागमाचे शिल्प. जो हे दान मोडील त्याच्या आईची अशी गत होवो, असा त्याचा अर्थ. काही दगडांवर ही शिवी अक्षरांतही कोरलेली आहे; परळच्या ११८७ सालच्या शिलालेखात ती इतकी स्पष्ट आहे की इथे उतरवून घेतली तर फेसबुक माझी पोस्ट काढून टाकील. बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे राजाज्ञा वाचता आली नाही तरी शाप डोळ्यांना कळावा, ही व्यवस्था होती. धर्मादाय जमीन लाटू पाहणाऱ्यांची त्या काळी वाण नव्हती, एवढे अनुमान या दगडांवरून बिनधोक काढता येते.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दान मोडणारा पुरुष असणार हे त्या काळी गृहीत होते. अधिकारी तो, पाटील तो, पुढे येणारा राजाही तोच. मग शिक्षा दगडावर कोरायची तर ती त्याच्या आईच्या देहावर का? काही अभ्यासक या स्त्रीत भूमीचे रूप पाहतात आणि गाढवाचा नांगर फिरवून गाव ओसाड करण्याच्या प्रथेशी या शिल्पाचा संबंध जोडतात. हा अर्थ मला पूर्ण पटत नाही आणि पूर्ण सोडवतही नाही, म्हणून तर अभ्यास चालू आहे.

आता असा विषय घेऊन विशीतली मुलगी गावोगाव फिरू शकेल का? फिरतात, अशा मुली आहेत आणि त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांना गावात शिरताच जे सोसावे लागते ते मला सोसावे लागत नाही. मी पारावर बसलेल्या माणसांना सरळ विचारते, ‘गाढवाचा दगड कुठे आहे हो इथे?’ दोघे-तिघे मान खाली घालतात, एखादा हसतो, आणि मग कोणीतरी म्हणतो, ‘चला मावशी, दाखवतो.’ बायका तर त्याहून मोकळ्या. एका गावात दगड पालथा घालून त्यावर कपडे धुतले जात होते. दुसऱ्या गावात त्याला शेंदूर फासून देव केले होते आणि खालचा भाग मातीत पुरला होता. तो मुद्दाम पुरला, हे मला तिथल्या एका आजींनी सांगितले; गावातल्या पुरुषांनी ‘आपोआप खचला’ असे सांगितले होते. ही माहिती वयामुळे मिळते. पांढऱ्या केसांचा उपयोग सत्कारापुरता नसून क्षेत्रकार्यात होतो, हे कौतुक करणाऱ्यांना ठाऊक नसते.

दुसरा उपयोग नोकरीचा. टपाल खात्यात ज्यांनी बटवड्याचे काम पाहिले आहे त्यांना अपुऱ्या आणि गिचमिड पत्त्यांची पाकिटे माहीत असतात. अर्धे अक्षर पुसलेले, गावाचे नाव चुकलेले, तालुका नाही, तारखेचा शिक्का पसरलेला. तरी ते टपाल पोहोचवायचे असते, आणि त्यासाठी आधी खात्रीची अक्षरे बाजूला काढायची, मग त्या भागात कोणती गावे असू शकतात हे पाहायचे, आणि शेवटपर्यंत ‘बहुतेक हेच असेल’ या मोहाला बळी पडायचे नाही. झिजलेला शिलालेख वाचताना मी नेमके हेच करते. सकाळच्या तिरप्या उन्हात दगड पाहायचा, ओला कागद ब्रशने ठोकून बसवायचा, शाईचा ठसा घ्यायचा आणि मग जे दिसते तेच लिहायचे, जे असावेसे वाटते ते नाही. दामोदर कोसंबी हे गणिती होते आणि त्यांनी प्राचीन नाण्यांची वजने करून, नाणी वापरात झिजतात या साध्या गोष्टीला संख्याशास्त्र लावून इतिहास काढला. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण आधीच्या आयुष्यातले कसब नव्या विषयात कसे उतरते याचे त्याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

यावर एक रास्त प्रश्न येतो: मग पदवी कशाला? भीमा-सीनेच्या संगमावरील हत्तरसंग कुडलचा, शके ९४० म्हणजे इ.स. १०१८चा मराठी लेख उजेडात आणणारे सोलापूरचे आनंद कुंभार काही विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. खरे आहे. ज्यांच्या अंगी ती शिस्त उपजत आहे त्यांना पदवीची गरज नसावी. माझ्या अंगी ती नव्हती. पदवीने मला ग्रंथालयांचे दरवाजे उघडून दिले, परवानगीच्या अर्जांवर लावायला एक शिक्का दिला, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे माझ्या लिखाणावर लाल रेघ ओढणे हे जिचे कामच आहे अशी व्यक्ती दिली. माझ्या मार्गदर्शक माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. मी त्यांना मॅडम म्हणते, त्या मला ताई म्हणतात, आणि ताईंचे प्रकरण परत पाठवताना त्यांचा हात जराही थरथरत नाही.

ही लाल रेघ का लागते, याचे उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना लागणाऱ्या आक्षीचा लेख शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२चा, असा वाचला जातो आणि म्हणून मराठीतील आद्य शिलालेखाचा मान त्याला दिला जातो. त्या वाचनाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरात मतभेद नसतात, फक्त अभिमान असतो. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा १९६३चा संग्रह उघडून, कोणते अक्षर कसे वाचले आहे हे स्वतः ताडून पाहण्याची सवय मला एम.ए.च्या लघुप्रबंधाने लावली. त्याआधी मीही अभिमानच पुढे पाठवत असे.

एका आक्षेपाचे उत्तर माझ्याकडे अर्धेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक विद्यार्थी घेता येतात. म्हणजे निवृत्तिवेतन सुरू झालेल्या बाईने एक जागा अडवली, तर जिला त्या पदवीवर नोकरी मिळवायची आहे अशी एखादी तरुणी बाहेर राहू शकते. मुलाखतीत मला ‘याचा तुम्हाला उपयोग काय?’ असे विचारले गेले, तेव्हा त्या प्रश्नामागे हीच चिंता असावी, आणि ती चुकीची नाही. माझे मत असे की वयाबद्दल ना सवलत असावी ना अडसर. प्रवेश परीक्षा तीच, मुदत तीच, आणि जागा द्यायची ती प्रश्नाच्या वजनावर. ज्येष्ठांसाठी हलका अभ्यासक्रम आणि सोपी पदवी काढण्याच्या कल्पना अधूनमधून कानावर येतात, त्या मला अपमानास्पद वाटतात. पण प्रश्न दोघींचेही तोलामोलाचे असतील आणि जागा एकच असेल, तर काय करावे? तिथे माझे उत्तर संपते. मला प्रवेश मिळाला त्या वर्षी तशी वेळ आली नव्हती, एवढेच समाधान.

जागा घेतलीच आहे, तर तिचा हिशोब देते. पुष्कळ गधेगाळांवर लेखच नाही. वर चंद्रसूर्य आहेत, खाली गाढव आहे आणि मधली जागा कोरी किंवा पूर्ण झिजलेली आहे. शाप शिल्लक आहे, पण तो कोणत्या दानाचे रक्षण करत होता हे हरवले आहे. अशा दगडांच्या आसपासच्या जमिनी पुढच्या काळात इनाम म्हणून कुठे नोंदल्या गेल्या का, त्यांचा देवस्थानाशी किंवा एखाद्या तळ्याशी संबंध होता का, हे मोडी कागदपत्रांतून शोधण्याचे काम मी सध्या करते आहे. शिलाहारांचा काळ आणि पेशवाईतले कागद यांच्यात शतकांचे अंतर आहे, त्यामुळे हा मार्ग बंद निघण्याची शक्यता बरीच आहे, आणि मॅडमनी ते पहिल्याच भेटीत सांगितले आहे. तुमच्या गावात, शेताच्या बांधावर किंवा देवळाच्या मागे असा दगड असेल तर कृपया तो घासू नका, रंगवू नका, खडूने गिरवू नका आणि जागेवरून हलवू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात त्याचे छायाचित्र काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, त्या जागेला गावातले लोक काय नाव देतात ते लिहून घ्या आणि मला इनबॉक्समध्ये कळवा. शिवाराची जुनी नावे मला विशेष हवी आहेत, कारण कागदांत जमिनीची ओळख बहुधा त्यांच्यावरूनच पटते.