डोळा वेदांचा, पत्रिका यवनांची

"ज्योतिष हा वेदांचा डोळा आहे. कुंडली ऋग्वेदात आहे. नवग्रहांचे मंत्र वेदांतलेच आहेत. पत्रिका न पाहता लग्न करणं शास्त्रात बसत नाही. ज्याला ज्योतिष मान्य नाही, त्याला वेद मान्य नाहीत." खाली जोडलेले हात आणि दोन दिवे. हा मजकूर गेल्या वर्षभरात मला चार जणांनी पाठवला. चौथा पाठवणारा माझा सख्खा मामा. त्याच्याकडे तो मुलाकडच्यांकडून आला होता, नकारासोबत. मामेबहिणीला मंगळ आहे, सातव्यात.

पत्रिका खरी ठरते की नाही, हा वाद मी इथे घालत नाही. मजकूर ग्रंथांची साक्ष काढतो, तर ग्रंथच उघडून बघू.

डोळ्याचं वाक्य खरं आहे. पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्रावरच्या ग्रंथात वेदपुरुषाचे अवयव सांगितलेत: छंद हे पाय, कल्प हात, निरुक्त कान, शिक्षा नाक, व्याकरण तोंड. आणि डोळा? "ज्योतिषामयनं चक्षुः". ज्योतींचं अयन, म्हणजे आकाशातल्या तेजांची चाल. हे वेदांग, म्हणजे वेदांच्या मदतीचं शास्त्र, काही हरवलेलं नाही. लगधाच्या नावावरचं वेदांगज्योतिष आज छापील मिळतं. ऋग्वेदाच्या पाठात 36 श्लोक, यजुर्वेदाच्या पाठात चाळिसेक. चहा निवायच्या आत वाचून होईल, समजायला मात्र महिने लागतील, कारण ते सगळं गणित आहे. पाच वर्षांचं एक युग, त्यात 1830 दिवस, 62 चांद्रमास, म्हणजे दोन अधिक महिने. सर्वांत लहान दिवस 12 मुहूर्तांचा (मुहूर्त म्हणजे इथे 48 मिनिटं), सर्वांत मोठा 18 मुहूर्तांचा. उत्तरायणात दिवस रोज किती वाढतो, तर घटीयंत्रातल्या एक प्रस्थ (जुनं माप) पाण्याइतका. हे कशासाठी, तेही ग्रंथच सांगतो: वेद यज्ञासाठी आहेत, यज्ञ काळाच्या क्रमाने करायचे, म्हणून हे "कालविधानशास्त्र". त्यात मेष-वृषभ नाहीत, सोमवार-मंगळवार नाहीत, लग्नस्थान नाही, बारा घरं नाहीत. काही नक्षत्रांना उग्र, काहींना क्रूर म्हटलंय, फलिताच्या वाटेवर तो एवढाच जातो. थोडक्यात, वेदांचा डोळा म्हणजे पंचांगाचा खापरपणजोबा. पत्रिकेशी त्याचं नातं फार लांबचं.

"कुंडली ऋग्वेदात आहे" याला पुरावा म्हणून पहिल्या मंडलातल्या 164व्या सूक्तातलं बारा आऱ्यांचं चाक पुढे केलं जातं. बारा आरे, बारा राशी! पण ऋचा तिथेच थांबत नाही. त्याच चाकावर 720 पुत्र जोडीजोडीने उभे आहेत, असं ती पुढे सांगते. 360 दिवस आणि 360 रात्री. त्याच सूक्ताच्या शेवटाकडे पुन्हा बारा धावांचं एक चाक येतं, त्यात 360 खुंट्या ठोकलेल्या. हे वर्ष आहे हो. बारा म्हणजे महिने. अर्धी ऋचा कापून पाठवली की काहीही सिद्ध होतं.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर मीही कापाकापीच केली असं होईल. नक्षत्रांच्या शुभाशुभाची कल्पना वेदकाळात आहेच. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात अशुभ नक्षत्रावर जन्मलेल्या बाळाला जपण्यासाठी सूक्त आहे, ज्येष्ठा आणि मूळ या नक्षत्रांच्या संदर्भातलं. मुळावर जन्मलेल्या बाळाची शांत आजही घरोघरी करतात, तिचं मूळ इतकं जुनं. पण एखाद्या नक्षत्राची भीती वाटणं वेगळं आणि जन्मवेळेवरून बारा घरांत नऊ ग्रह मांडून नोकरी, संतती, सासू सगळं वाचणं वेगळं.

ते दुसरं कुठून आलं, हे आपल्याच लोकांनी न लाजता लिहून ठेवलंय. सहाव्या शतकातला उज्जैनचा वराहमिहिर, ज्याच्या बृहज्जातकावर आजचे ज्योतिषी शिकतात, तो बृहत्संहितेत म्हणतो: "म्लेच्छा हि यवनास्तेषु सम्यक् शास्त्रमिदं स्थितम्". यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलेलं आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात. यवन म्हणजे ग्रीक. बृहज्जातकाच्या पहिल्याच अध्यायात तो राशींची नावं देतो ती अशी: क्रिय, ताबुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक, कौर्प्य, तौक्षिक... ग्रीक भाषेत मेंढ्याला क्रिओस, बैलाला ताउरोस, विंचवाला स्कॉर्पिओस. पत्रिकेतले रोजचे शब्दही त्याच गावचे. केंद्र म्हणजे ग्रीक केंत्रॉन (आपलं केंद्र सरकारही मग तिथूनच आलं म्हणायचं), द्रेष्काण (राशीचा तिसरा हिस्सा) म्हणजे देकानोस. होरा हा शब्द 'अहोरात्र'चं पहिलं आणि शेवटचं अक्षर गळून झाला, असं काही जण म्हणतात, हेही वराहमिहिर नोंदवतो. व्युत्पत्ती गोड आहे, पण ग्रीकांकडे 'होरा' हाच शब्द वेळेसाठी आधीपासून होता. आणि सातवं घर, लग्नाचं, जिथे माझ्या बहिणीचा मंगळ बसलाय, त्याचं संस्कृत नाव जामित्र. ग्रीक दिआमेत्रोस, व्यास. पहिल्या घराच्या बरोबर समोरचं ते सातवं. यात कमीपणा काहीच नाही. चांगलं वाटलं ते घेतलं, आणि कुणाकडून घेतलं तेही सांगितलं. कमीपणा आपल्याला वाटायला लागला, म्हणून यवनांना पुसून वेदांचं नाव चिकटवलं.

आता मंत्र. इथे मजकूर अर्धा बरोबर आहे, म्हणून जास्त फसवतो. आमच्या घरच्या वास्तुशांतीत ग्रहमख, म्हणजे नवग्रहांचा होम, होता. गुरुजींनी शनीसाठी शमीची समिधा उचलली आणि सुरू केलं: "शं नो देवीरभिष्टय आपो भवन्तु पीतये". मी चमकलो. मुंजीत शिकवलेल्या संध्येत मार्जनाला "आपो हि ष्ठा" म्हणत अंगावर पाणी शिंपडायचं, त्याच सूक्तातली ही चौथी ऋचा. देवता आप, म्हणजे पाणी. 'हे दिव्य जल आम्हाला पिण्यासाठी सुखाचं होवो', एवढाच अर्थ. शनी त्यात कुठेही नाही. आहे ते सुरुवातीचं "शं नो". बुधाचा मंत्र "उद्बुध्यस्वाग्ने": अग्ने, जागा हो. 'बुध्' ऐकू आलं, बुधाला दिलं. केतूला "केतुं कृण्वन्नकेतवे", इंद्रसूक्तातली ऋचा, जिथे केतू म्हणजे उजेडाची खूण. मंगळाला "अग्निर्मूर्धा दिवः ककुत्", ज्यात अग्नीची स्तुती आहे. मंत्र वैदिक आहेत, पण ते ग्रहांचे नव्हते. ही वाटणी याज्ञवल्क्यस्मृतीच्या ग्रहशांती प्रकरणात जवळपास अशीच सापडते, म्हणजे ग्रहशांतीला स्मृतीचा आधार नक्की आहे. तेवढंच म्हणा की! त्याच स्मृतीने लगेच पुढच्या राजधर्मात असंही म्हटलंय की एका चाकावर रथ चालत नाही, तसं प्रयत्नावाचून दैव फळत नाही.

"ज्योतिष मान्य नाही त्याला वेद मान्य नाहीत." मग मनूचं काय करायचं? श्राद्धाला कुणाला बोलावू नये, याची लांबलचक यादी तिसऱ्या अध्यायात आहे. तिथे हत्ती-घोडे पढवणाऱ्याच्या शेजारी "नक्षत्रैर्यश्च जीवति" बसलाय, नक्षत्रांवर पोट भरणारा. सहाव्या अध्यायात संन्याशाला नक्षत्रविद्येच्या जोरावर भिक्षा मागायला बंदी. आणि तुकोबा? "सांगों जाणती शकुन । भूत भविष्य वर्तमान ॥ त्यांचा आम्हांसी कंटाळा । पाहों नावडती डोळां ॥" हे धर्माबाहेरचे असतील तर आत कोण उरलं, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

राहिलं लग्न. मामाला मी विचारलं, मुलाकडच्यांचं सूत्र कोणतं? म्हणाला, आपल्यासारखंच, ऋग्वेदी, आश्वलायन. मग त्यांचंच आश्वलायन गृह्यसूत्र काढलं, घरातले संस्कार कसे करावेत ते सांगणारा त्यांच्या शाखेचा ग्रंथ. विवाह उत्तरायणात, शुक्लपक्षात, चांगल्या नक्षत्रावर करावा, असं सूत्र आहे. लगेच पुढचं सूत्र: "सार्वकालमेके विवाहम्", काहींच्या मते विवाह कधीही. स्थळ बघताना काय बघायचं? आधी कूळ. मुलगी द्यायची ती बुद्धिमान मुलाला. मुलगी बुद्धी, रूप, शील असलेली आणि निरोगी. पण लक्षणं ओळखणं अवघड, "दुर्विज्ञेयानि", असं सूत्रकार स्वतःच कबूल करतो आणि एक तोडगा देतो: आठ ठिकाणच्या मातीचे आठ गोळे करा. दुपिकी शेत, गोठा, यज्ञवेदी, न आटणारा डोह, जुगाराचा अड्डा, चव्हाटा, नापीक जमीन, स्मशान. मुलीला एक उचलू द्या, त्यावरून तिचं भविष्य ओळखा. शेताचा उचलला तर तिच्या संततीला अन्नाची ददात नाही, स्मशानाचा उचलला तर नवऱ्याच्या जिवावर. मुलाला गोळे नाहीत, हेही लक्षात आलंच असेल.

हे आज कुणी करायला सांगितलं तर मुलाकडचेच हसतील. पण शास्त्र म्हणून हट्ट धरायचा तर त्यांच्या शाखेचं शास्त्र हे आहे.

मामाने सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "यात छत्तीस गुण कुठे आहेत रे?"

नाहीत म्हटलं. मंगळही नाही.

"मग ती मातीच बरी," मामा म्हणाला. "निदान आठातले चार गोळे तरी चांगले आहेत."